रहस्यकथेचे बीज आणि तिची कादंबरी

या पानासाठी येणाऱ्या लेखनात रहस्यकथांची संख्या नेहमीच मोठी असते. पहिले पान बहुतेकांचे झकास जमते. अमावास्येची रात्र, शस्त्रागाराचे उघडे दार, टॉर्चच्या उजेडात दिसलेले रक्ताचे थेंब. दुसऱ्या पानावर लेखक अडखळू लागतो आणि तिसऱ्या पानावर एक तर सगळे स्वप्न ठरते, नाही तर अचानक पोलीस येऊन कुणा अनोळखी माणसाला पकडून नेतात. छात्र मित्र-मैत्रिणींनो, कल्पना सुचण्यात तुम्ही कुठेच कमी नाही. गाडी अडते ती पुढे, कारण सुचलेली कल्पना हीच कथा आहे असे आपण धरून चालतो. कल्पना हे फक्त बी असते. त्याची कादंबरी कशी होते, हे एका खऱ्या उदाहरणावरून आणि एका आपण रचलेल्या उदाहरणावरून पाहू.

खरे उदाहरण अगाथा ख्रिस्ती यांचे. रहस्यकथा वाचणाऱ्यांना हे नाव नवे नाही. पण त्यांची पहिली कादंबरी कशी तयार झाली, ते फारसे कुणी लक्षात घेत नाही. पहिले महायुद्ध चालू होते. इंग्लंडच्या दक्षिणेकडील टॉर्की या समुद्रकाठच्या गावी त्या आधी रुग्णालयात परिचारिका म्हणून आणि नंतर तिथल्याच डिस्पेन्सरीत काम करत होत्या. त्या काळी औषधे तयार गोळ्यांच्या पाकिटात येत नसत. बाटल्यांतून मोजून, मिसळून, खलून द्यावी लागत. भोवतालच्या कपाटांत विषेच विषे. तुम्हाला गुप्तहेरकथा लिहिता येणार नाही, असे त्यांच्या थोरल्या बहिणीने पूर्वी कधीतरी चिडवले होते. डिस्पेन्सरीत कधी कामाचा धबडगा असे, तर कधी तासन्‌तास रिकामे जात. त्या रिकाम्या वेळात बहिणीचे आव्हान त्यांना आठवले आणि १९१६ च्या सुमारास त्यांनी कथेची जुळणी सुरू केली.

त्यांनी पहिला प्रश्न स्वतःला कोणता विचारला, ते पाहण्यासारखे आहे. खुनी कोण, हा प्रश्न त्यांनी लगेच सोडवला नाही. खून कशाने झाला, हे आधी ठरवले. विष. कारण विषाबद्दल त्यांना इतर लेखकांपेक्षा जास्त माहिती होती. मग विषप्रयोग घरातल्या घरातच होणे सोयीचे. म्हणजे मरणारी व्यक्ती आणि संशयित सगळे एका घरातले. म्हणजे कुटुंब. म्हणजे पैसा, मृत्युपत्र, दुसरे लग्न, जुने राग. एका गोष्टीतून दुसरी निघत गेली. बी कुठून आणायचे, याचे उत्तर इथे आहे. तुम्ही रोज जे हाताळता, ज्यातले बारकावे तुम्हाला न विचारता ठाऊक असतात, तिथून आणायचे. शिकागोचे गुंड आणि स्विस बँकेतली तिजोरी यांबद्दल आपल्याला सिनेमात दाखवतात तेवढेच माहीत असते. पण बिगुल, गणती, मेस, लाइट्स आउट, पीटी शूजचा पांढरा पॉलिश, यांतले तुम्हाला जे ठाऊक आहे ते मोठमोठ्या लेखकांना ठाऊक नाही.

तर आपणही एक बी घेऊ. निवासी शाळा. रात्री अडीच वाजता बिगुल वाजतो. सगळी हाउसेस धडपडत मैदानावर येतात. गणती होते. सगळे हजर. कुठे आग नाही, काही चोरीला गेलेले नाही. बिगुल बँड रूममध्ये आपल्या खुंटीवर टांगलेला आहे. वाजवला कुणी?

कल्पना बरी आहे. पण अजून ती कथा नाही, नुसते कोडे आहे. तुमच्यापैकी बहुतेक जण इथे पेन उचलतील आणि लिहायला लागतील. मी म्हणेन, थांबा. रहस्यकथेत दोन कथा असतात. एक खरोखर घडलेली आणि दुसरी ती शोधून काढण्याची. वाचक दुसरी वाचतो, पण लेखकाला पहिली आधी, पूर्ण आणि सरळ क्रमाने माहीत असावी लागते. घडलेली गोष्ट ज्याला माहीत नाही, त्याला ती लपवता कशी येणार? शंभरातल्या नव्वद अर्धवट रहस्यकथा याच दगडाला ठेचकाळतात. लेखकच वाचकाबरोबर खुनी शोधत फिरत असतो, आणि दोघांनाही तो सापडत नाही.

म्हणून आधी घडलेली कथा. बिगुल वाजल्याने काय होते? सगळे उठतात, खोल्या रिकाम्या होतात. पहिला विचार येतो तो चोरीचा. खोल्या रिकाम्या करून कुणीतरी काहीतरी पळवले. हा विचार पहिला येतो म्हणूनच तो टाकून द्यावा, कारण वाचकालाही तोच पहिला येणार आहे. बिगुल वाजल्याने आणखी काय होते? माणसे मोजली जातात. कुणाला तरी गणती व्हायला हवी होती. का? कारण कुणीतरी कमी आहे, हे त्याला माहीत होते, आणि ते त्याला तोंडाने सांगता येत नव्हते.

इथे बी रुजले. आता प्रश्न विचारत जायचे आणि खरी उत्तरे देत जायची. कमी कोण होता? नववीतला एक छात्र. कुठे गेला होता? मागची भिंत ओलांडून गावातल्या दुकानात, फोन करायला. घरी आई आजारी आहे आणि पुढच्या रविवारपर्यंत वाट पाहवत नाही. कुणाला माहीत होते? बँडमधल्या त्याच्या मित्राला. ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द त्याने दिला आहे. मित्र परतायला हवा होता अकरापर्यंत. साडेअकराला पाऊस लागला, एकला थांबला. दोन वाजले तरी खाट रिकामी. सांगावे तर मित्राला शाळेतून काढतील. न सांगावे तर तो बाहेर कुठे पडला असेल, कुणास ठाऊक. मग त्याने बिगुल उचलला. गणतीत एक कमी आहे हे कळेल, शोध सुरू होईल, आणि सांगितले कुणी असा प्रश्नच उरणार नाही.

मग गणती पूर्ण कशी भरली?

हा प्रश्न मला या सगळ्या रचनेतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोड्याची कथा इथे होते. एका माणसाच्या लपवालपवीवर फार तर गोष्ट उभी राहते. कादंबरीला दुसरा माणूस लागतो, जो स्वतःच्या वेगळ्या कारणासाठी वेगळे काही लपवतो, आणि ज्याला पहिल्याची कल्पनाही नसते. आपला दुसरा माणूस हाउस कॅप्टन. चाळीस हवेत, मोजले तर एकोणचाळीस. दोन दिवसांनी चॅम्पियन हाउसचा निकाल आहे. कुणीतरी बाथरूममध्ये पेंगत बसला असेल, असे स्वतःला समजावत त्याने ठणकावून सांगितले, ‘चाळीस, पूर्ण!’ मुलगा वाईट नाही. दहा सेकंदांत निर्णय घ्यायचा होता, त्याने चुकीचा घेतला. आणि रांगेत उभा असलेला तो बँडमधला मित्र हे ऐकतो. त्याने आपल्या परीने सगळे पणाला लावले होते, आणि त्याच्या कानावर येते ‘पूर्ण’. कादंबरी लिहाल तेव्हा या एका क्षणासाठी लिहा. बाकीचे सगळे त्याच्या भोवती बसेल.

आता पुढचे आपोआप घडते पाहा. पहाटे सव्वापाचला दूधवाल्याला कालव्याच्या वाटेवर तो छात्र बेशुद्ध सापडतो. पाय मोडलेला, डोक्याला मार. तो काही सांगू शकत नाही. कागदावर तो अडीच वाजता मैदानावर हजर आहे. म्हणजे जे काही झाले ते त्यानंतर झाले. त्या रस्त्याने त्यानंतर कोण गेले? एकटा दूधवाला, टेम्पो घेऊन. आणि टेम्पोचा पुढचा दिवा फुटलेला आहे. एका खोट्या आकड्याने वेळ सरकली, आणि सरकलेल्या वेळेने एका निरपराध माणसाच्या मानेभोवती फास टाकला. ज्याने मुलाला उचलून आणले, त्याच्याकडेच आता बोट दाखवले जाते.

इथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण आपल्याकडे येणाऱ्या कथांत ती पुन्हा पुन्हा खटकते. गुन्हेगार म्हणून निवडला जाणारा माणूस बहुतेक वेळा मेसमधला वाढपी असतो, चौकीदार असतो, नाही तर गावातला कुणी फाटका इसम. एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने १९२८ मध्ये गुप्तहेरकथेचे वीस नियम लिहिले, त्यांत नोकराला गुन्हेगार करू नये असा एक नियम होता. त्याचे कारण तसे थोडे नाक वर करून दिलेले आहे. खुनी म्हणे तोलामोलाचा हवा. पण त्याने दिलेले दुसरे कारण खरे आहे: ते उत्तर फार सोपे असते. ज्याच्यावर संशय घ्यायला काहीच लागत नाही, त्याच्यावर तो घेणे म्हणजे लेखकाचा आळस. चांगली रहस्यकथा नेमकी उलटी चालते. सगळ्यांचा संशय सहज जिथे वळतो तिथे ती वाचकाला आधी नेते आणि मग विचारते, पुरावा काय? आपल्या कथेत तो प्रश्न दूधवाल्याच्या बाबतीत विचारला जायचा आहे. आणि कुणीतरी तो विचारायला हवा, नाही तर त्याचा धंदा, त्याची गावातली पत, सगळे जाणार.

त्याच्या टेम्पोचा दिवा फुटला कशाने, हे तो का सांगत नाही, हेही ठरवून ठेवा. आदल्या दिवशी त्याने टेम्पो भाच्याला दिला होता आणि भाच्याकडे लायसन्स नाही. एवढेच. ख्रिस्तीबाईंच्या कादंबऱ्यांत घरातले सगळेच जण काही ना काही लपवत असतात. खुनाशी संबंध फक्त एखाद्याचा. बाकीच्यांची लपवालपवी प्रेमाची, कर्जाची, लाजेची असते. संशयितांची यादी अशी तयार होते. चेहरा क्रूर, डोळे लालभडक, अशा वर्णनांनी नव्हे.

पात्रे आणायची कुठून, याचाही एक धडा त्यांच्याकडून घेता येतो. ओळखीच्या माणसांना कथेत बसवून पाहिले, तर त्यांना ते जमेना. ओळखीचा माणूस आपल्या मनात खून करायला तयारच होत नाही. मग एकदा ट्राममध्ये त्यांना काळ्या दाढीचा एक गृहस्थ दिसला. शेजारी एक वयस्कर बाई अखंड बडबडत होती. हा माणूस कोण, त्याचे घर कसे, बाई त्याची कोण, यातले काहीच ठाऊक नसल्याने सगळे रचता आले. तुम्हीही वर्गमित्रांना नावे बदलून कथेत घालू नका. एक तर भांडणे होतात, आणि दुसरे म्हणजे त्यांचे खरे वागणे तुमच्या कथेच्या आड येते.

आता शोध घेणारा. ख्रिस्तींना शेरलॉक होम्ससारखाच दुसरा होम्स नको होता. टॉर्कीत त्या वेळी बेल्जियममधून आलेले निर्वासित राहत होते. जर्मन सैन्य देशात घुसल्यावर घरदार सोडून आलेली माणसे. त्यांच्यातला एखादा निवृत्त पोलीस अधिकारी असेल तर? अशा रीतीने हर्क्युल पॉयरो जन्माला आला: बुटका, टापटिपीचा, भलीमोठी मिशी असलेला. तो परका असल्यामुळे इंग्लिश घरातल्या ज्या गोष्टी घरच्यांना नेहमीच्या वाटतात, त्या त्याला वेगळ्या दिसतात. (त्याला पहिल्याच कादंबरीत निवृत्त केल्याचा लेखिकेला पुढे पश्चात्ताप झाला. त्याची शेवटची कादंबरी १९७५ साली प्रसिद्ध झाली. हिशेब केला तर महाशय शंभरी केव्हाच ओलांडून गेले होते.) आपल्या देशातले शोधकही असेच आपापल्या मातीतले आहेत. शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी १९३२ मध्ये आला. तो स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५ मध्ये ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात अवतरला. आणि आपल्या भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर फुरसुंगीचा शाळकरी पोर. त्याला कुणी गुप्तहेर नेमलेले नाही, तो आपणहून लफड्यात सापडतो.

आपल्या कथेत कोण? मला विचाराल तर क्यू. एम. स्टोअर सांभाळणारे एक निवृत्त सुभेदार. ज्यांचा जन्म गादीच्या खोळी, ब्लँकेट आणि बूट मोजण्यात गेला, असे. ‘पूर्ण’ हा शब्द ऐकून ज्यांचे समाधान होत नाही. ज्यांना वस्तू दिसावी लागते. ख्रिस्तींचे ज्ञान बाटल्यांचे होते, सुभेदार साहेबांचे बुटांचे. शोधकाची हुशारी अशी त्याच्या कामातून आली की ती पटते. नाही तर लेखक आपल्याला सांगत राहतो की हा फार बुद्धिमान आहे, आणि आपण मान डोलावतो.

आता पुराव्यांकडे येऊ. इथे लेखकाच्या सचोटीची परीक्षा असते. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ मध्ये दहा नियम सांगितले. ते थोडे गमतीने लिहिलेले आहेत, पण त्यांतला गाभा आजही टिकून आहे: गुन्हेगार कथेत सुरुवातीपासून दिसला पाहिजे, आणि शोधकाला जे सापडते ते वाचकालाही तिथल्या तिथे दिसले पाहिजे. शेवटच्या पानावर खिशातून नवी चिठ्ठी काढून दाखवणे म्हणजे फसवणूक. वाचकाला चकवायचे, पण त्याच्यापासून काही चोरून ठेवायचे नाही. वाचक शेवटी म्हणाला पाहिजे, ‘अरे, हे तर मी वाचले होते!’

हे साधायचे कसे? एक जुनी युक्ती आहे. महत्त्वाची वस्तू बिनमहत्त्वाच्या वस्तूंच्या रांगेत मधोमध ठेवायची. आपल्या कथेत त्या रात्री पाऊस पडून गेला होता, मैदानात चिखल होता. सकाळी त्या छात्राच्या सामानाची नोंद होते तेव्हा असे लिहा: खाटेवर घडी न केलेले ब्लँकेट, उशीखाली आईचे पत्र, खाटेखाली ट्रंक, पांढरेशुभ्र पीटी शूज, अर्धा भरलेला मग, खिळ्यावर टांगलेला टॉवेल. वाचकाचे डोळे आईच्या पत्रावर थांबतील. थांबावेत म्हणूनच ते तिथे ठेवलेले आहे. आणि शेजारच्या एकोणचाळीस खाटांखालचे शूज चिखलाने माखलेले आहेत, हे त्याआधी पाच-सहा पानांवर, मुले शूज धुताना कुरकुरत आहेत अशा गमतीच्या प्रसंगात येऊन गेलेले असेल. दोन्ही गोष्टी वाचकासमोर आहेत. जोडणे त्याचे काम. जोडले की कळते: तो मुलगा फॉल-इनला नव्हताच.

लगेच कुणी म्हणेल, तो चपला घालून आला असेल. अगदी बरोबर. अशा शंका वाचकाच्या आधी तुम्हाला यायला हव्यात. म्हणून फॉल-इनच्या प्रसंगातच हाउस कॅप्टनला ओरडू द्या, ‘चपलांत आलेले सगळे परत जा, शूज घालून या!’ त्याचा दरारा दाखवणारे वाक्य म्हणून ते खपून जाईल. पुढे तेच त्याच्या अंगलट येईल.

दुसरा पुरावा बिगुलाचा. रात्री काय वाजले, असे विचारल्यावर सगळी मुले सांगतात, सकाळचा बिगुल. झोपेतून उठवले गेले म्हणजे उठण्याचाच बिगुल असणार, असे डोक्याने परस्पर ठरवलेले असते. एकटे बँडचे हवालदार म्हणतात, ‘साहेब, ती फॉल-इनची कॉल होती.’ खोडी काढणाऱ्याने उठण्याची वाजवली असती. ज्याला मोजणी हवी होती, त्याने फॉल-इनची वाजवली. आर्थर कॉनन डॉयल यांच्या १८९२ मधल्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ या कथेत रात्री कुत्रा भुंकला नाही, यावरून होम्स चोर ओळखीचा असल्याचे ताडतो. जे झाले त्यापेक्षा जे व्हायला हवे होते आणि झाले नाही, तिकडे लक्ष द्यायला ती कथा शिकवते. भालबा केळकरांनी होम्सच्या कथा मराठीत आणल्या आहेत. त्या अनुवादातून मिळाली तर जरूर वाचा.

ही गोष्ट सांगायची कुणी, हा निर्णय घाईने घेऊ नका. बिगुल वाजवणाऱ्या मित्राने सांगितली तर त्याला सगळेच माहीत आहे. लपवायचे म्हटले तर वाचकाशी खोटे बोलावे लागेल. सुभेदारांनी सांगितली तर ते काय विचार करतात ते दर पानाला उघडे पडेल. म्हणून होम्सला वॉटसन लागतो, फेलूदाला त्याचा चुलतभाऊ तोपशे लागतो. पॉयरोच्या पहिल्या कादंबरीत हे काम हेस्टिंग्जकडे आहे. तुमच्या लक्षात यावे म्हणून सांगतो, वॉटसन आणि हेस्टिंग्ज दोघेही लष्करातले. वॉटसन अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत जखमी झालेला डॉक्टर, आणि हेस्टिंग्ज आघाडीवरून जायबंदी होऊन रजेवर आलेला अधिकारी. दोघेही सरळ मनाचे, दिसेल ते प्रामाणिकपणे नोंदवणारे, आणि त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावणारे. निवेदक असाच हवा. आपल्या कथेत शेजारच्या खाटेवरचा सातवीतला लहान छात्र चालेल. त्याला शूज दिसतात, पण शूजचा अर्थ लागत नाही.

लिहायला बसण्याआधी दोन कागद तयार करा. एका कागदावर वेळापत्रक: सव्वादहाला भिंत ओलांडली, साडेअकराला पाऊस, एकला थांबला, अडीचला बिगुल, सव्वापाचला दूधवाला. प्रत्येक पात्र त्या त्या वेळी खरोखर कुठे होते आणि आपण कुठे होतो म्हणून सांगते, अशी दोन घरे आखा. दुसऱ्यावर नकाशा: हाउस, बँड रूम, मागची भिंत, कालवा, दुकान, रस्ता. फील्ड स्केच तुम्हाला शिकवलेलेच आहे, त्याचा इथे उपयोग होईल. ख्रिस्तींच्या पहिल्या कादंबरीत घराचा आणि शयनगृहाचा आराखडा छापलेला आहे. त्यांच्या टिपणांच्या वह्यांपैकी ७३ वह्या आज उपलब्ध आहेत. त्यांत एकाच घटनेचे चार-चार पर्याय, खोडलेली नावे, मध्येच घरातल्या याद्या असा सगळा काला आहे. त्यांच्या इतक्या नेटक्या कादंबऱ्या अशा पसाऱ्यातून निघाल्या, हे आपल्या दृष्टीने दिलासादायकच आहे. तुमची वही घाण दिसली तर लाजू नका.

कादंबरी लांबवावी कशी, असे दोघा-तिघांनी मला विचारले आहे. लांबवू नका. वर्णने घालून लांबवलेली कथा लगेच ओळखू येते. कादंबरीला लांबी मिळते ती चुकीच्या उत्तरांमुळे. वाचकाला आधी वाटले पाहिजे की ही खोडी आहे, मग चोरी, मग अपघात, मग दूधवाला. प्रत्येक उत्तर काही काळ खरे वाटावे आणि एखाद्या ठोस गोष्टीने कोसळावे. प्रत्येक वेळी कुणाचे तरी काही नुकसान व्हावे. चौथे उत्तर कोसळेपर्यंत दूधवाल्याकडून दूध घेणे गावाने बंद केलेले असेल, आणि बँडमधला तो मित्र जेवेनासा झालेला असेल. बोलावे तर स्वतःचे आणि मित्राचे बिंग फुटते, गप्प राहावे तर एक निर्दोष माणूस बुडतो.

मध्यावर येऊन अडकाल, याची खात्री बाळगा. ख्रिस्तीही अडकल्या. तेव्हा त्यांच्या आईने सुचवले की सुट्टी घे, कुठेतरी एकटी जाऊन राहा आणि पुस्तक संपव. डार्टमूरच्या माळरानावरच्या एका हॉटेलात त्या दोन आठवडे राहिल्या. सकाळी हात दुखेपर्यंत लिहायचे, दुपारी माळावर एकटीने फिरत पात्रांचे संवाद मोठ्याने पुटपुटायचे. तुम्हाला डार्टमूर परवडणार नाही, पण सुट्टीतले पंधरा दिवस मिळतात. पालकांनाही एक विनंती: मे महिन्यात मुलगा किंवा मुलगी अंगणात एकटीच बडबडत फेऱ्या मारताना दिसली, तर लगेच काळजी करू नका.

पुस्तक लिहून झाले तरी काम संपत नाही. ख्रिस्तींचे हस्तलिखित काही प्रकाशकांनी परत पाठवले. ‘द बॉडली हेड’ या प्रकाशनसंस्थेकडे ते बराच काळ पडून होते. अखेर त्यांनी घ्यायची तयारी दाखवली ती एका अटीवर: शेवट बदला. मूळ लेखनात पॉयरो न्यायालयात साक्ष देताना सगळा उलगडा करत होता. खऱ्या न्यायालयात असे भाषण कुणी करू देणार नाही, हे दाखवून दिल्यावर त्यांनी ते प्रकरण नव्याने लिहिले आणि उलगडा घरातल्या दिवाणखान्यात आणला. सगळ्या संशयितांना एकत्र बसवून पॉयरो बोलतो तो सुप्रसिद्ध प्रसंग अशा दुरुस्तीतून आलेला आहे. १९२० मध्ये ‘द मिस्टिरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’ हे पुस्तक आधी अमेरिकेत निघाले. लेखिकेच्या हातात त्यातून २५ पौंड आले. विषाची युक्ती काय होती, ते इथे सांगत नाही. औषधे हाताने बनवलेल्या माणसालाच ती सुचली असती, एवढेच म्हणतो. औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकाने विषाच्या अचूक माहितीबद्दल पुस्तकाचे कौतुक केले, याचा त्यांना फार अभिमान होता.

आणि सुचलेले काहीच वाया जात नाही, हेही त्यांच्याकडूनच शिकावे. त्या डिस्पेन्सरीच्या दिवसांत त्यांना शिकवणारा एक औषधविक्रेता खिशात क्युरारे या विषाचा गोळा घेऊन हिंडत असे. त्यामुळे आपल्याला सामर्थ्य असल्यासारखे वाटते, असे तो म्हणे. तो माणूस त्यांच्या डोक्यात चाळीसहून अधिक वर्षे पडून राहिला आणि १९६१ च्या ‘द पेल हॉर्स’ या कादंबरीत कामी आला.

आपल्या बिगुलाच्या कथेचा शेवट मी मुद्दाम ठरवलेला नाही. सुभेदार साहेबांना शूज दिसले, खोटी गणती उघड झाली, दूधवाला सुटला. इथपर्यंत रस्ता स्पष्ट आहे. पण बिगुल वाजवणाऱ्या मुलाचे काय? त्याने शब्द पाळला आणि मित्राला वाचवण्याचा प्रयत्नही केला, पण गणतीनंतर, ‘पूर्ण’ ऐकल्यावर, तो पहाटेपर्यंत गप्प राहिला. प्राचार्यांसमोर त्याला उभे केले तर ते काय म्हणतील, आणि सुभेदार काय म्हणतील? आणि हाउस कॅप्टन स्वतःहून पुढे येईल, की त्याला आणावे लागेल? बी कुणालाही घेता येईल, एकाहून अधिक जणांनी घेतले तरी हरकत नाही. पहिली तीन प्रकरणे आणि वेळापत्रकाचा कागद सुट्टीनंतर मराठी विभागात आणून द्या. वेळापत्रक नसेल तर प्रकरणे वाचली जाणार नाहीत.